आंब्यातल्या किड्याला आई असते

आत्यांच्या घरात मी चार वर्षं भाड्याने राहिले आणि त्या चार वर्षांत मला एकही आंबा सुखाने खाता आला नाही. आंबा हातात घेतला की स्वयंपाकघरातून हाक यायची, "थांब गो, आधी बघू दे." मग पदराला हात पुसत त्या बाहेर येत, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं तसलं भिंग उजव्या डोळ्यात बसवत आणि आंबा देठापासून टोकापर्यंत फिरवून बघत. सुई टोचल्यासारखा एखादा काळसर ठिपका दिसला की तो आंबा गेला. नाही दिसला तरी चार फोडी करून, कोयीपर्यंत उघडूनच तो माझ्या ताटात यायचा. चोखून खायची सोयच नव्हती. मी मूळची आंजर्ल्याची. अंगणात बसून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर आंबे चोखण्यात माझं लहानपण गेलेलं. आणि इथे रत्नागिरीत, दाराबाहेर चाळीस कलमं उभी असताना, मी आजाऱ्यासारखी मोजक्या फोडी खात होते.

आत्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. सगळी आळी त्यांना आत्या म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागची. मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि एकट्या मास्तरणीला खोली द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. एकीने विचारलं, नवरा कुठे असतो. दुसरीने विचारलं, नवरा का नाही. आत्यांनी एवढंच विचारलं, "पहाटे उठतेस का?" मी हो म्हटलं. वडिलांना हायसं वाटलं. विधवा बाई, घराला विहीर, भोवती बाग, आणि मुलगी लवकर उठते का याची काळजी करणारी. ते निश्चिंत होऊन आंजर्ल्याला परत गेले. पहाटे उठून करायचं काय, हे विचारायचं आम्हां दोघांनाही सुचलं नाही.

मोसमात करायचं ते असं होतं. फटफटलं की टोपली घेऊन बागेत फिरायचं आणि खाली पडलेला प्रत्येक आंबा उचलायचा. फुटलेला, सडलेला, पाल्याखाली दडलेला, एकही सोडायचा नाही. किडका आंबा गळून पडला की आतला किडा बाहेर येतो आणि मातीत शिरतो. चार बोटं खाली जाऊन तो तांदळाच्या दाण्यासारखा कोश करतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची माशी होऊन वर येते. म्हणून तो मातीत शिरायच्या आत उचलायचा. पावसाळ्याच्या तोंडावर एकेका पहाटे तीन तीन टोपल्या भरत. मग ते आंबे खोल खड्ड्यात पुरायचे, आणि खड्डा खणायला गडी आला नसेल तर उकळायचे. उकळायला एवढं मोठं भांडं घरात एकच होतं, न्हाणीघरातला तांब्याचा हंडा. आंबे उपसून झाले की त्याच हंड्यात माझ्या अंघोळीचं पाणी तापायचं. मी शाळेत जायची तेव्हा माझ्या अंगाला आंबूस वास यायचा, आणि तो वास मलाच येतो की मुलींनाही, या काळजीत माझा पहिला तास जायचा.

मुलींना यायचा हे नंतर कळलं. तोपर्यंत आत्यांनी शाळेतही पाऊल टाकलं होतं. मधल्या सुट्टीत मुली आंबे खातात आणि अर्धवट खाल्लेले कुंपणाशी टाकतात, असं मी एकदा बोलता बोलता सांगितलं, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा झाली तर आत्या टोपली घेऊन फाटकात उभ्या. प्रत्येक मुलीपुढे टोपली धरून म्हणत होत्या, "टाक इथे. कोयसुद्धा टाक." मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं, या तुमच्या कोण? मी म्हटलं, घरमालकीण. त्यानंतर मुली माझ्यामागे मला किडेवाल्या बाई म्हणायला लागल्या, आणि मी रत्नागिरी सोडेपर्यंत ते नाव टिकलं.

किड्याचा विषय निघाला की आत्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "तो आपोआप होत नाही. आई असते त्याला." गावात सगळे म्हणत, वीज कडाडली की आंब्यात किडा पडतो. कोणी म्हणत उन्हाने, कोणी म्हणत नजर लागून. आत्यांनी एका मोसमात किडका आंबा मातीसकट बरणीत ठेवला होता, तोंडाला मलमल बांधली होती आणि रोज भिंग लावून बघितलं होतं. किड्याचा कोश झाला, कोशातून माशी निघाली. घरातल्या माशीएवढीच, पण पिवळसर, पातळ काचेसारख्या पंखांची, जरा गांधीलमाशीच्या वळणाची. मग त्या बागेत दुपारभर उभ्या राहिल्या आणि तसलीच माशी पिकायला आलेल्या आंब्यावर बसून शेपटाची सुई सालीत खुपसते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. भिंग त्यांच्या यजमानांचं. ते बाजारात घड्याळं दुरुस्त करत. ते गेल्यावर अवजारं विकली, भिंग तेवढं राहिलं.

त्या बरण्या मी राहायला गेले तेव्हाही होत्या, लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी, त्याच फळीवर. एकदा अंधारात मी चुकीच्या बरणीत हात घातला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

हे सगळं मी सोसलं. पण माझं ठरत आलेलं स्थळ त्यांनी घालवलं ते मला बराच काळ विसरता आलं नाही.

मुलगा मुंबईला नोकरीत, घर लांज्याकडे, घरची आंब्याची बाग. त्याची आई आणि मामा मला बघायला येणार होते. वडील आदल्या दिवशीच आंजर्ल्याहून आले. मी आत्यांना बजावून ठेवलं होतं, आज माशीचा विषय नको. त्या म्हणाल्या, "मला कळत नाही का?" पोहे त्यांनीच केले आणि छान केले. मंडळी पडवीत बसली, बोलणं चांगलं चाललं होतं. मुलाच्या आईने मला एक कविता म्हणायला सांगितली, मी म्हटली. मग त्यांनी गड्याला हाक मारून आंब्यांची करंडी पुढे ठेवली. "आमच्या बागेतले आहेत," त्या आत्यांना म्हणाल्या. "घरची फळं म्हणून आणली."

आत्यांनी एक आंबा उचलला. त्यांचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला तेव्हाच मला कळलं. मी डोळ्यांनी खुणावलं, वडील खोकले. भिंग डोळ्यात बसलं.

"तुमच्या बागेत माशी आहे," आत्या म्हणाल्या.

"माशा कुठे नसतात?" मुलाची आई हसून म्हणाली.

"ती नव्हे. ही सालीत सुई खुपसून अंडी घालते. हा बघा ठिपका. आणि हा दुसरा. खाली पडलेले आंबे उचलता का तुम्ही?"

"आमच्याकडे गडी आहेत त्याला."

"गडी उचलत नाहीत. थांबा, दाखवते." आणि त्यांनी विळीवर आंबा उभा चिरला. आत गर पाणचट झालेला आणि त्यात पांढरे किडे. त्यातल्या एकाने अंगाची कमान केली आणि टुणकन उडी मारली. हे किडे उड्या मारतात. तो मामांच्या बशीत पोह्यांवर जाऊन पडला.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मामा उठून उभे राहिले होते एवढं आठवतं. आत्यांनी करंडीतले सगळे आंबे बघितले, पाच चांगले निघाले ते वेगळे काढून मुलाच्या आईपुढे ठेवले आणि म्हणाल्या, "एवढे न्या परत. बाकीचे मी उकळते, तुम्ही काळजी करू नका."

ती मंडळी गेल्यावर वडील बराच वेळ पडवीत बसून होते. "घर मीच शोधलं," ते म्हणाले. "तुला काय बोलू?"

अकरा दिवस मी आत्यांशी बोलले नाही. बाराव्या दिवशी त्यांनी माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारलं, "तुझं काय बिनसलंय?" मी सांगितलं. त्यांनी खरोखरच विचार केला. मग म्हणाल्या, "पण त्यांच्या बागेत माशी होती गो. तुला तिथे जन्म काढायचा होता?" हे त्या मला उडवून लावायला म्हणाल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्यांना तसंच वाटत होतं. मी दुसरी खोली शोधायला लागले. तीन घरी जाऊन आले. तिन्ही घरी नवऱ्याची चौकशी झाली. मी परत आले.

त्यांचं खरं वैर होतं ते पलीकडच्या खोतांशी. दोन्ही बागांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता. खोतांची बाग मोठी, आणि पडलेला आंबा उचलायची पद्धत तिथे नव्हती. आत्या म्हणत, "माझ्या चाळीस झाडांखालचे मी उचलते आणि त्याच्या दोनशे झाडांखालचे सडतात. माशीला गडगा दिसतो का?" म्हणून त्या गडगा ओलांडून खोतांच्या बागेतलेही पडलेले आंबे गोळा करायला लागल्या. खोतांनी एकदा पकडलं आणि चार लोकांसमोर त्यांना चोर म्हटलं. आत्यांनी सडक्या आंब्यांची टोपली खोतांच्या ओटीवर उलटी केली आणि त्या घरी आल्या. मी राहायला गेले त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

खोतांवर त्यांचा राग याहून जुना होता हे मला धुणंवाल्या बाईकडून कळलं. आत्यांचे यजमान गेले त्या वर्षी बागेतला निम्मा आंबा किडका निघाला होता. मुंबईच्या नातेवाइकांना पाठवलेल्या पेट्या त्यांनी फेकून दिल्या. तेव्हा खोत देवळाच्या पारावर बोलले होते की बाईचा पायगुण, नवरा गेला आणि बागेला कीड लागली. ते सगळ्या आळीत पसरलं. त्याच वर्षी आत्यांनी पहिली बरणी भरली. मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि ऐकल्यावर मीही विचारलं नाही. पण "आई असते त्याला" हे वाक्य त्यानंतर मला पहिल्यासारखं ऐकता येईना.

तुळशीचा शोध लागला तो माझ्या सर्दीमुळे. शिमगा नुकताच होऊन गेला होता, माझं डोकं ठणकत होतं. आत्यांनी काढा करायला काळ्या तुळशीचा पाला खलात कुटला आणि आल्यासाठी आत गेल्या. खल पडवीत उन्हात राहिला. परत येऊन बघतात तर खलावर त्याच माशा, एकावर एक. आत्या खाली बसल्या. मी आतून तीनदा विचारलं, काढा झाला का. चौथ्यांदा बाहेर आले तर त्या भिंग लावून खलाशी डोकं टेकून बसल्या होत्या. "हलू नको," त्या म्हणाल्या. काढा मला त्या दिवशी मिळाला नाही.

दोन दिवसांत बागेत झाडोझाडी नारळाच्या करवंट्या टांगल्या गेल्या. करवंटीत गुळाचं दाट पाणी आणि कुटलेली तुळस. संध्याकाळी करवंटीत माशांचा थर. आत्यांना एवढं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आळीतल्या दहा घरी जाऊन करवंट्या दाखवल्या. एका घरच्या सासूबाई म्हणाल्या, "तुळशीने जीव मारायचे?" आत्या म्हणाल्या, "काढ्याला चालते ना? तेवढीच पानं घ्या." करवंट्या भरलेल्या बघून लोकांना पटलं. महिन्याभरात सगळ्या आळीत करवंट्या लागल्या. खोतांच्या बागेतही लागल्या. खोतांना त्यासाठी आत्यांशी बोलायची गरज नव्हती, त्यांनी सुनेला पाठवून बघून घेतलं. आणि एवढ्या माशा मरताहेत म्हटल्यावर पडलेले आंबे उचलायचं सगळ्यांनी सोडून दिलं. जे थोडेफार उचलत होते त्यांनीही. आत्यांनीही मला सांगितलं, "झोप हवी तर." मी पंधरा दिवस उजाडेपर्यंत झोपले. त्या चार वर्षांतले तेच पंधरा दिवस सुखाचे.

मेच्या मध्यावर आंबा उतरवायला लागले आणि कीड निघाली. आमच्याकडे निघाली, इतरांकडे जास्त निघाली, खोतांकडे सगळ्यांत जास्त. गेल्या साली नव्हती एवढी. पारावर पुन्हा बोलणं सुरू झालं, तुळशीला हात लावल्याचं हे फळ.

त्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्या पडवीत बसल्या होत्या. पुढे पांढरा कागद, कागदावर करवंट्यांतून काढलेल्या मेलेल्या माशा ओळीने मांडलेल्या. त्या चिमट्याने एकेक माशी उलटी करत होत्या. संपूर्ण कागद झाला, त्यांनी दुसरा घेतला. दुसरा झाल्यावर भिंग काढून ठेवलं.

"एकीलाही सुई नाही," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"सगळे नर आहेत गो. तुळशीवर नरच येतात. मादी येतच नाही. मी दोन महिने नर मारत बसले आणि ती तिकडे आंब्यात सुई खुपसत होती. चार नर उरले तरी तिचं भागतं."

मी म्हटलं, "तुम्हांला कसं माहीत असणार?"

"शेपूट बघायला हवं होतं. सुई मला माहीत होती. शेपूट मी बघितलंच नाही, नुसतं ढीग बघून खूश झाले." त्या उठल्या. "चप्पल घाल. अकरा घरं आहेत."

मी खूप वाद घातला. मुलींच्या परीक्षेच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. सांगून काय होणार, आंबा तर गेला. शिवाय लोक पुन्हा नको ते बोलायला मोकळे. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून त्यांनी उचलायचं सोडलं. आता मी सांगितलं तरच पुन्हा धरतील." आणि मी का? तर म्हणाल्या, "तुला समजावून सांगायची सवय आहे."

तर त्या दुपारी मी, लग्न न झालेली मास्तरीण, कागदावर मेलेल्या माशा घेऊन दारोदार फिरले आणि ओट्यावर बसलेल्या सासरे-दिरांना नर कोणता आणि मादी कोणती हे सांगत होते. माझे कान सारखे तापलेले होते. आत्या प्रत्येक घरी आधी एकच सांगत, "माझं चुकलं. तुळशीचा दोष नाही, माझा आहे." कोणी हसलं. कोणी पाणी दिलं. एका घरी सासूबाईंनी दार लावून घेतलं, तेव्हा आत्यांनी ते बंद दाराला सांगितलं, सगळं, शेवटपर्यंत.

अकरावं घर खोतांचं. गडग्यापाशी त्या थांबल्या. मला वाटलं, परत फिरतील. त्यांनी पदर नीट केला आणि फाटकातून आत गेल्या.

खोत ओटीवर सुपारी कातरत होते. त्यांनी वर बघितलं. आत्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. माझं चुकलं, इथपासून. मी कागद पुढे केला. खोतांनी चष्मा लावून माशा बघितल्या. मग आत्यांनी आपलं भिंग काढून त्यांच्यापुढे धरलं. ते त्यांना डोळ्यात बसवता येईना, दोनदा पडलं. तिसऱ्यांदा बसलं.

"म्हणजे वयनी, दोन महिने आम्ही फुकट तुळस कुटली?"

"होय."

"हे सांगायला कशाला आलात? तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळणार होतं?"

"पुढच्या साली पुन्हा कुटली असतीत."

खोतांनी भिंग काढून परत दिलं. "मग मादी कशी धरायची?"

"मला माहीत नाही," आत्या म्हणाल्या. "पडलेला आंबा उचलायचा आणि खोल पुरायचा, एवढंच मला माहीत आहे."

खोतांनी अडकित्ता खाली ठेवला. ते पायऱ्या उतरून अंगणात आले. कलमाखाली आंबे पडले होते, चार-पाच तर अगदी पायऱ्यांपाशी. ते वाकले, म्हातारपणी वाकायला त्यांना वेळ लागला, आणि त्यांनी त्यातला एक उचलला. किडका होता, बोटं आत गेली.

"हा कुठे टाकू?" त्यांनी विचारलं.

आत्यांनी कुदळ मागितली. गडी आला, खोतांनी जागा दाखवली, खणणं सुरू झालं. दीड हात झाल्यावर खोत म्हणाले, बस. आत्या म्हणाल्या, बस कसं, दोन हात हवा, एवढ्यातून माशी वर निघून येते. खोत म्हणाले, माझ्या बागेत खड्डा किती खणायचा ते मी ठरवीन. आत्या म्हणाल्या, मग मी आले कशाला? खोत म्हणाले, तेच मी मघाशी विचारलं. गडी कुदळ टेकून उभा राहिला. मी पायरीवर बसून घेतलं. घरी वह्यांचा गठ्ठा तसाच होता, ऊन कलायला लागलं होतं, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी न बोललेली ती दोन माणसं दीड हात आणि दोन हात यावरून भांडत होती. दोघांपैकी कोणालाही घाई दिसत नव्हती.

शेवटी खड्डा दोन हातांचाच झाला.